इंग्लनूक की टाइमसेव्हर?

भाच्याकडे मॉडेल रेल्वे मांडायला सव्वा मीटरची फळी आहे, इंजिन आहे, आठ वाघिणी आहेत. त्याचा प्रश्न: शंटिंगचं, म्हणजे इंजिनाने वाघिणी पुढे-मागे करून हव्या तशा लावायचं, कोडं मांडायचं, तर कोणतं?

इंग्लनूक हे ब्रिटनच्या ॲलन राइट यांचं. सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागा) फक्त दोन आणि साइडिंगा (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) तीन: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. टोकाच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, बस्स. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम 6,720 होतात, म्हणजे कंटाळा यायला बराच अवकाश आहे!

टाइमसेव्हर अमेरिकेच्या जॉन ॲलन यांचं. इथे सांधे पाच, शिवाय इंजिनाला वळसा घालून वाघिणींच्या दुसऱ्या टोकाला जाता येतं. काही साइडिंगांची तोंडं उलट दिशेला असल्याने तो वळसा टाळता येत नाही. खर्च सांध्यांमुळेच वाढतो, आणि रुळावरून घसरण्याच्या जागाही तितक्याच वाढतात. लांबीही जास्त लागते. खऱ्या यार्डात इतकी अडचण कोणी मुद्दाम करून ठेवणार नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांना ते खेळण्यासारखंच दिसतं. पण घड्याळ लावून दोघांनी चुरशीने खेळायला मजा येते.

फळी छोटी, खेळणारा एकटा आणि भोवती खरंखुरं स्टेशन उभारायचं असेल, तर इंग्लनूक. मित्रमंडळी जमणार असतील, सांध्यांचा खर्च झेपत असेल, तर टाइमसेव्हर. भाच्याला मी दोनच सांधे आणायला सांगितले.