दुर्बिणीतून काढायचं की चिरा देऊन? मूत्रमार्गात अडकलेल्या वस्तूबद्दल

मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात काहीतरी अडकलंय आणि युरोलॉजिस्टने दोन-तीन पर्याय समोर ठेवलेत, अशा वेळी बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं: काहीही करा, पण चिरा नको. सुरुवात दुर्बिणीने करणं योग्यच, पण तिचा हट्ट धरू नये.

अडकलेली वस्तू कोणतीही असू शकते. तुटलेल्या कॅथेटरचा (लघवीसाठी घातलेल्या नळीचा) तुकडा, काढायचा राहून गेलेला डीजे स्टेंट (मूत्रपिंड ते मूत्राशय अशी तात्पुरती घातलेली बारीक नळी), गर्भाशयातून मूत्राशयात घुसलेली तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) किंवा स्वतःच आत घातलेली वायर, पेन्सिल, चुंबकाचे मणी. लाजेपोटी माहिती लपवली जाते आणि तिथेच उपचाराची दिशा चुकते. एक्स-रेमध्ये धातू स्पष्ट दिसतो, पण लाकूड, मेण आणि बरंचसं प्लास्टिक निसटून जातं. काय घातलं, किती लांब होतं, कधी घातलं हे डॉक्टरांना सरळ सांगावं. असे रुग्ण त्यांनी पाहिलेले असतात.

दुर्बिणीत लघवीच्या वाटेनेच कॅमेरा आत जातो आणि चिमट्याने किंवा बारीक जाळीने वस्तू पकडून बाहेर ओढतात. टाके नाहीत, बरेचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. जुन्या स्टेंटवर खड्याचे थर चढले असतील तर लेसरने फोडून तो मोकळा करता येतो. वस्तू बारीक, गुळगुळीत आणि सुटी असेल तर यापेक्षा चांगला मार्ग नाही.

अडचण जाडीची आहे. दुर्बिणीची नळी साधारण 20 फ्रेंच (नळीची जाडी मोजायचं एकक), म्हणजे जेमतेम 7 मिलिमीटर. त्यातून न मावणारी वस्तू चिमट्यात धरून अख्ख्या मूत्रमार्गातून खेचावी लागते. स्त्रियांमध्ये हे अंतर सुमारे 4 सेंटिमीटर आणि बरंचसं सरळ. पुरुषांमध्ये 20 सेंटिमीटरच्या आसपास आणि वळणाचं. त्यामुळे तीच वस्तू स्त्रीच्या बाबतीत सहज निघेल, पुरुषाच्या बाबतीत वाट खरवडत येईल. लांब वायर मूत्राशयात वेटोळी घालते, कधी तिची गाठ बसते. चुंबकाचे मणी एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि स्टीलचा चिमटा जवळ नेला की त्यालाही चिकटतात.

चिरा देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावरून मूत्राशय उघडून वस्तू अखंड बाहेर काढतात. काही दिवस दवाखान्यात मुक्काम, आठवडाभर किंवा थोडं जास्त कॅथेटर, पोटावर व्रण. ऐकायला नको वाटतं, पण मूत्रमार्गाला धक्का लागत नाही. मधला पर्यायही आहे: ओटीपोटावर सुमारे 1 सेंटिमीटरचं छिद्र पाडून थेट मूत्राशयात दुर्बीण नेतात. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आतडं वाटेत येण्याचा धोका असतो, म्हणून हे प्रत्येकाला चालत नाही.

माझं मत विचाराल तर टोकदार, रुंद किंवा भिंतीत रुतलेल्या वस्तूसाठी चिरा पत्करावा. पोटावरचा व्रण भरून येतो. मूत्रमार्ग सोलवटला की तिथे आकुंचन होऊ शकतं, ते रुंद करून घेतलं तरी पुन्हा उलटतं, आणि मग एका वस्तूपायी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या. ऑपरेशनआधी एवढं नक्की विचारा: दुर्बिणीतून सहज निघालं नाही तर त्याच भुलेत पुढचा मार्ग घेणार का? दोन्हीची संमती एकदम देता येते.

‘लघवीबरोबर पडेल’ म्हणून थांबणं हा पर्याय जवळपास कधीच नसतो. अगदी टोकाशी असलेली गुळगुळीत वस्तू डॉक्टर कधी हलकेच पुढे सरकवत काढतात. घरी चिमटा घातला तर ती आणखी आत जाते. बटण बॅटरी असेल तर तासाभराचाही उशीर नको. तिच्यामुळे आतली त्वचा भाजून निघते. लघवी तुंबली असेल किंवा थंडी वाजून ताप आला असेल तर पर्यायांची तुलना बाजूला ठेवून तातडीच्या विभागात जावं.

वस्तू निघाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी धार बारीक वाटू लागली, जोर करावा लागला, तर ते अंगावर काढू नका. युरोफ्लो तपासणीत यंत्रात फक्त लघवी करायची असते, आणि धार किती मंदावली आहे ते कळतं.