पदकांची पेटी: सुतारकाम झकास, पण ग्लू-गन लांब ठेवा

घरातल्या दिवंगत फौजी माणसाची पदकं, फोटो, कागद काचेच्या खोल पेटीत मांडून देणारा एक फ्रेमवाला इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. १८ बाय २४ इंच, साडेचार हजार रुपये, दहा दिवस. वर्षश्राद्धाला हवी असेल तर महिनाभर आधी गाठा, कारण पहिल्या खेपेत सगळं बरोबर येईलच असं नाही.

लाकूडकामाला तोड नाही. सागवानी पट्टी, ४५ अंशांत कापलेले कोपरे, कुठे फट नाही. खोली दीड इंच. पदकांना पुरते, बेरे टोपी ठेवायची तर तीन इंच सांगा. काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवणारी पट्टी तो न सांगता घालतो. जुना फोटो काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवायला गेलं की चेहरा काचेवरच राहतो. तरीही मूळ फोटो देऊच नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून मॅट कागदावर प्रिंट द्या.

घोळ होतो तो पदकांत. हा माणूस ती ग्लू-गनने मखमलीवर चिकटवतो. आपल्याकडच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पदक कोणाचं याचा तोच पुरावा, आणि तोच डिंकात बुडतो. रिबन पट्टीवर दोऱ्याने टाचून पदकं लोंबती ठेवायला सांगा. मखमलीखाली रबरी फोम नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. सेना मेडल चांदीचं असतं, तेव्हा हे आधीच बजावा. देण्यापूर्वी ब्रासो, म्हणजे पितळ घासायचं पॉलिश, लावून चकचकीत करायचा मोहही आवरा. दहा वेळा घासलं की कडेवरची अक्षरं पुसट होतात.

क्रमही तो शोभेसाठी लावतो: ताऱ्याच्या आकाराचं पदक मधोमध, गोल पदकं दोन्हीकडे. देव्हाऱ्यातली मांडणी जणू! खरा क्रम बघणाऱ्याच्या डावीकडून सुरू होतो. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांचा पश्चिमी स्टार (तोच तारा), मग संग्राम मेडल, मग सैन्य सेवा मेडल, शेवटी दीर्घ सेवेची, त्यात २० वर्षांचं आधी आणि ९ वर्षांचं नंतर. कागदावर चित्र काढून द्या, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

पितळी पाटीच्या वेळी आणखी एक पेच. १९७१ च्या पदकावर एक क्रमांक आणि 'नायक', २० वर्षांच्या पदकावर 'जेसी'ने सुरू होणारा वेगळाच क्रमांक आणि 'नायब सुभेदार'. दुकानदाराला वाटतं, दोन माणसांची पदकं मिसळली. तसं नाही. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार आणि त्यावरचे सुभेदारी हुद्दे) झाल्यावर क्रमांकच बदलतो. पाटीवर शेवटचा हुद्दा आणि शेवटचा क्रमांक घाला, पुढे '(निवृत्त)'.

त्याचं तयार डिझाइन मात्र साफ नाकारा: मागे तिरंगा, कोपऱ्यात रणगाडा, वर वळणदार 'जय हिंद'. वीस-बावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं स्नेहलतागंजातल्या घरात वावरला. नळाच्या वेळा, मुलींची लग्नं, नातवाची सायकल, सगळं त्याच्याच डोक्यावर. निम्मी पेटी त्या माणसाची असू द्या. लग्नातला फोटो, चष्मा, 'मार्फत ५६ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता असलेलं निळं आंतर्देशीय पत्र. पत्राची रंगीत प्रत लावा, मूळ पत्राची शाई उजेडाने उडते. या अर्ध्या भागाला पार्श्वभूमी साधी, फिकट. असं सांगितलं की दुकानदार 'रिकामं दिसेल' म्हणतो. दिसू द्या.

टांगायला तो एकच खिळ्याची कडी देतो. काचेसकट वजन बरंच होतं, तेव्हा दोन कड्या आणि भिंतीत प्लगचे स्क्रू घ्या. पेटीमागे चार रबरी बुटं लावून बोटभर हवा खेळती ठेवा, नाहीतर ओल आत शिरते. खिडकीसमोरची भिंत टाळा, रिबनचे रंग आधी जातात. पैसे देण्याआधी पेटी उलटी करून मागचा कागद चारी बाजूंनी टेपने बंद आहे का ते बघा. आमच्या पेटीचा खालचा काठ उघडाच होता. तिथूनच झुरळं जातात.