लोहार चाळीतून घराची वायर: मेन केबलचा हिशेब आधी, बंडलं नंतर

नव्या फ्लॅटच्या वायरिंगसाठी मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, गाठणं फायद्याचं आहे, पण ते मुख्यतः मेन केबलसाठी. दीड-अडीच स्क्वेअरची (स्क्वेअर म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) बंडलं घराजवळच्या चांगल्या दुकानातही घासाघीस करून परवडतात. दहा-सोळा स्क्वेअरची केबल मात्र ड्रमवरून हवी तेवढी कापून, तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची, आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) आणि साधी, शेजारशेजारच्या दुकानांत पाहून घ्यायची सोय इथेच आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जावं, गाडी नेऊ नये. रविवारी बाजार बंद असतो.

मीटरपर्यंतची केबल बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण यांपैकी जी कंपनी वीज देते तिची. मीटर केबिनपासून घरातल्या डीबीपर्यंतची (डिस्ट्रिब्युशन बोर्डापर्यंतची) मेन केबल आपली, आणि सगळ्यात जास्त चुका याच तुकड्यात होतात. दुकानदार विचारतो, ‘किती लोड?’ त्याच्या जोडीला किती मीटर, हेही सांगायला हवं. समजा घर सहाव्या मजल्यावर आहे, केबलचा मार्ग 40 मीटर आणि एकत्र चालणारा लोड 40 अँपिअर. सहा स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला 3.30 ओहम. जाऊन-येऊन 80 मीटर धरले, तर सुमारे साडेदहा व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे 230 च्या साडेचार टक्के. दहा स्क्वेअरमध्ये (1.91 ओहम) हीच घट सहा व्होल्टवर येते, सोळामध्ये (1.21 ओहम) चारच्याही आत. हे आकडे 20 अंशांचे आहेत. केबल 70 अंशांपर्यंत तापली की रोध साधारण वीस टक्क्यांनी वाढतो, आणि घट तीन टक्क्यांच्या आत ठेवायची तर दहा स्क्वेअर किंचित कमी पडतं. दोन एसी, गीझर आणि इंडक्शन असलेल्या अशा घराला सोळाच घ्यावं. मार्ग 15 मीटरचा असेल तर दहा पुरतं, उगाच जाड केबलवर खर्च नको.

अ‍ॅल्युमिनियमला नाक मुरडायचं कारण नाही. 16 स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमचा रोध 1.91 ओहम, म्हणजे 10 स्क्वेअर लवचीक तांब्याइतकाच, आणि पैसे बरेच कमी. दुखणं असतं ते टोकांना. उघडं अ‍ॅल्युमिनियम थेट एमसीबीच्या (जादा प्रवाह आला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) पितळी टर्मिनलमध्ये कोंबलं की स्क्रूखाली ते हळूहळू दबत जातं, पकड सैल होते, सांधा तापतो आणि एक दिवस न्यूट्रल जळतो. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल गेला तर एखाद्या फेजवर 230 च्या जागी खूप जास्त दाब येतो आणि फ्रिज-टीव्ही उडतात. म्हणून बायमेटल लग (केबलच्या टोकाला बसणारं तांबं-अॅल्युमिनियमचं जोडटोक), हायड्रॉलिक क्रिम्पिंग (ते यंत्राने दाबून बसवणं) आणि आर्मर्ड असेल तर ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीपाशी) आर्मरचं अर्थिंग, हे तिन्ही कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावं. वायरमन लग पक्कडीने दाबणार असेल तर तांब्याचीच केबल बरी.

घरातल्या वायरींत दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर, 16 अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी आणि गीझरला स्वतंत्र चार. बंडल 90 मीटरचं असतं आणि रंग तीन लागतात: फेज, न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. इथेच अंदाज चुकतो. डीबीपासून एसीपर्यंत 15 मीटरचा मार्ग असे चार पॉइंट धरा: प्रत्येक रंगाचे 60 मीटर लागतात, तरी तीन अख्खी बंडलं घ्यावी लागतात आणि प्रत्येकातले 30 मीटर उरतात. म्हणून चार स्क्वेअर शक्यतो मीटरवर कापून घ्या. मार्ग मोजताना भिंतीतला चढ-उतार धरा, डीबीत अर्धा मीटर जादा सोडा आणि वर दहा टक्के वाया जाणार हे गृहीत धरा.

वायरीच्या आवरणाचे एफआर (आग न पसरवणारं), एफआरएलएस (शिवाय कमी धुराचं) आणि एचएफएफआर (हॅलोजनविरहित) असे प्रकार असतात, त्यांतला फरक आगीच्या वेळी कळतो. एफआर आग पसरवत नाही, पण जळताना काळा धूर आणि आम्लयुक्त वायू सोडते. एफआरएलएसचा धूर कमी, तरी तीही पीव्हीसीच. एचएफएफआरमध्ये हॅलोजन नसतं. तिचं मानक आयएस 17048, पीव्हीसी वायरीचं आयएस 694. एकच जिना असलेल्या उंच इमारतीत आमचं मत एचएफएफआरच्या बाजूने आहे, महाग असली तरी. बजेट ताणलेलं असेल तर निदान एफआरएलएस.

आता अस्सल-नक्कल. पॉलीकॅब, फिनोलेक्स, आरआर, हॅवेल्स यांत घरगुती वापरासाठी डावं-उजवं करण्यात वेळ घालवू नये. हातातलं बंडल खरं आहे का, हे तपासावं. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. मग वजन करा: अडीच स्क्वेअरच्या 90 मीटरमध्ये तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, त्यावर पीव्हीसी. पूर्ण बंडलच दोन किलो भरलं तर माल घेऊ नका. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. वायरीवर मीटरचे आकडे छापलेले असतील तर पहिला आणि शेवटचा आकडा वाचा, कारण 90 च्या खोक्यात कमी वायर भरण्याची चलाखी जुनी आहे.

भावाची तुलना एमआरपीवरच्या सवलतीने करू नये. बंडलाची किंमत भागिले 90, मग भागिले स्क्वेअर, असं काढा. एकाच कंपनीच्या अडीच आणि चार स्क्वेअरमध्ये हा आकडा जवळपास सारखा येतो. एखाद्या दुकानात तो इतरांपेक्षा खूपच खाली असेल तर वजनकाटा मागा. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी धरलाय का, हेही विचारा. कच्च्या बिलावर वाचलेला कर वायर नकली निघाल्यावर अंगाशी येतो. तांब्याच्या भावानुसार यादी बदलत असल्याने भाव किती दिवस टिकेल ते लिहून घ्या, आणि न उघडलेली बंडलं परत घेण्याची बोली बिलावरच घालून घ्या. कापलेली केबल कोणी परत घेत नाही, म्हणून ड्रमवर कात्री चालण्याआधी टेप घेऊन मार्ग पुन्हा एकदा मोजा.