रॉजर्सचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स': ती आकृती राहू दे, आतल्या गोष्टी वाचा

नवीन गोष्ट समाजात कशी पसरते, कुणामुळे पसरते, कुठे अडते यावर एकच पुस्तक सांग असं कुणी विचारलं तर मी एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं हे पुस्तक सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की सलग वाचायला जाऊ नका, कंटाळून ठेवून द्याल. पहिली आवृत्ती १९६२ ची. घ्यायची असेल तर पाचवी घ्या, २००३ ची, तीच शेवटची, कारण पुढच्या वर्षी रॉजर्स गेला. साडेपाचशे पानांचं जाडजूड प्रकरण आहे.

एमबीए केलेल्या कुणालाही यातली ती घंटेच्या आकाराची आकृती पाठ असते. नवीन गोष्ट कोण आधी घेतं आणि कोण मागून त्याची ती वाटणी: सगळ्यात आधी घेणारे २.५ टक्के इनोव्हेटर, मग १३.५ टक्के अर्ली ॲडॉप्टर, मग मधल्या बहुसंख्य लोकांचे ३४-३४ टक्क्यांचे दोन गठ्ठे आणि शेवटी १६ टक्के लॅगार्ड, म्हणजे मागे रेंगाळणारे. स्टार्टअपवाल्यांच्या पीपीटीत ती हमखास असते, आणि स्लाइड दाखवणाऱ्याने मूळ पुस्तक हातात घेतलेलं असेलच असं नाही. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात कमी कामाचा भाग तोच. खरा माल आहे तो चांगल्याचुंगल्या गोष्टी लोकांनी का नाकारल्या त्या किश्शांमध्ये.

पहिल्याच चॅप्टरमध्ये पेरूमधल्या लोस मोलिनास नावाच्या गावाची गोष्ट आहे. आरोग्य खात्याची नेलिडा नावाची बाई दोन वर्षं घरोघर फिरून सांगत होती की पाणी उकळून प्या. गावात २०० कुटुंबं, त्यातली ऐकली किती तर ११. आता वाटेल की लोक अडाणी, जंतू कळत नाहीत त्यांना, पण भानगड वेगळीच. त्या गावात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं उष्ण आणि थंड असं पक्कं गणित होतं, उकळलेलं पाणी उष्ण आणि उष्ण ते आजारी माणसाने घ्यायचं, त्यामुळे धडधाकट माणूस उकळलेलं पाणी का पिईल? (आपल्याला हे वेगळं समजवायची गरज नाही, पपई उष्ण पडते म्हणून ताटातून बाजूला काढणारी मंडळी आपल्याही घरात आहेत.) आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त भारी वाटली, नेलिडाचं ज्यांनी ऐकलं त्यातली एक बाई सतत आजारी असणारी आणि दुसरी डोंगराकडून येऊन राहिलेली, म्हणजे गावाने अजून आपली न मानलेली. त्या दोघींना बघून शेजारीण काही शिकणार नव्हती. ज्या बायकांच्या शब्दाला गावात वजन होतं त्यांच्यापर्यंत नेलिडा पोचलीच नाही. नेटवर्क म्हणजे काय, म्हणजे कोण कुणाशी बोलतं आणि कुणाचं ऐकतं, ते या चार-पाच पानांत जेवढं कळतं तेवढं पुढच्या आकृत्यांमधूनही कळत नाही.

मग अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मका. रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांचा १९४३ चा अभ्यास, हायब्रीड मक्याचं बियाणं १९२८ पासून मिळायला लागलं, उत्पन्न साधारण २० टक्के जास्त, तरी २५९ शेतकऱ्यांपैकी जवळपास सगळे त्यावर यायला १९४१ उजाडलं. बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते बहुतेकांनी सेल्समनकडून पण पटलं ते शेजाऱ्याकडून, म्हणजे बांधापलीकडचं रान बघून. आणि सुरुवातीच्या लोकांनीही एकदम सगळं रान त्याखाली नाही घातलं, आधी थोड्याशा तुकड्यावर लावून बघितलं. कृषी खात्यात किंवा एखाद्या बियाणं कंपनीत काम करणाऱ्याने हा भाग वाचावाच, 'शेतकरी ऐकतच नाहीत' हे तुणतुणं जरा कमी होईल.

नेटवर्कवाला आठवा चॅप्टर वेगळा घेऊन वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातले डॉक्टर एक नवीन अँटिबायोटिक कधी लिहून द्यायला लागले त्याचा अभ्यास त्यात आहे, ज्या डॉक्टरांचं बाकीच्या डॉक्टरांमध्ये उठणंबसणं जास्त ते आधी लिहून द्यायला लागले, एकटे-एकटे राहणारे मागून. शिवाय ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा तो प्रसिद्ध मुद्दा, की नोकरीची खबर जिगरी दोस्तांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण आपल्या ग्रुपला जे माहिती ते आपल्यालाही आधीच माहिती असतं. म्हणून रॉजर्स म्हणतो की सारखी माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात खरी, पण त्यातून नवीन काही फारसं आत येत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांना हे तंतोतंत लागू पडतं.

स्कर्व्हीची, म्हणजे लांबच्या समुद्रप्रवासात क जीवनसत्त्व न मिळाल्याने खलाशांना होणाऱ्या आजाराची, गोष्ट तर डोकं फिरवते. १६०१ ला लँकेस्टर नावाच्या इंग्रज कप्तानाने चार जहाजांपैकी एकावर लिंबाचा रस देऊन बघितला, त्या जहाजावरचे लोक ठणठणीत राहिले, बाकीच्यांवर माणसं मेली. १७४७ ला जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने परत तेच दाखवलं. ब्रिटिश नौदलाने ते सगळीकडे लागू केलं १७९५ ला आणि व्यापारी जहाजांवर तर थेट १८६५. पुरावा समोर असून अडीचशे वर्षं!

आता तक्रारी. 'लॅगार्ड' हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो, जो घेत नाही तो मागासलेला, मग त्याच्याकडे पैसे नाहीत की पाणी नाही की बँक दारात उभं करत नाही हे कोण बघणार? पण रॉजर्सला हे माहितीये आणि तिसऱ्या चॅप्टरमध्ये तो स्वतःच्याच विषयाची बऱ्यापैकी झाडाझडती घेतो. त्याने पीएचडीच्या वेळी आयोवातल्या एका शेतकऱ्याची मुलाखत घेतली होती, तो म्हणत होता की तणनाशकाने माझ्या रानातली गांडुळं आणि पक्षी मरतात म्हणून मी मारत नाही. १९५० च्या दशकात तो शेतकरी रॉजर्सच्या हिशोबाने मागासलेला ठरला, आणि आज त्यालाच आपण सेंद्रियवाला म्हणून यूट्यूबवर बघितलं असतं. हे एवढं मोकळेपणाने लिहिणारे प्रोफेसर कमी.

अकरावा चॅप्टर परिणामांवर आहे आणि माझा सगळ्यात आवडता. ऑस्ट्रेलियातल्या यीर योरोंट या आदिवासी लोकांना मिशनऱ्यांनी पोलादी कुऱ्हाडी वाटल्या, बायकांना आणि पोरांनाही. आधी दगडी कुऱ्हाड फक्त मोठ्या पुरुषांकडे असायची, बाकीच्यांनी मागून न्यायची. आता म्हातारेच पोरांकडे मागायला लागले आणि सगळी मानपानाची घडी विस्कटली. नवीन गोष्ट आल्यावर माणसांच्या आपसातल्या घडीचं काय होईल, हा प्रश्न ॲप लाँच करताना कोण विचारतं सांगा.

मराठी वाचकाला एक जादा रस असायला हवा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून युनेस्कोच्या मदतीने रेडिओ फार्म फोरमचा प्रयोग झाला होता, पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं, लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. नुसता रेडिओ नाही, रेडिओ आणि वर गप्पा, म्हणजे रॉजर्स जे मक्याबद्दल सांगतो तेच. ते डोक्यात ठेवून हे पुस्तक वाचलं तर आयोवा फार लांबचं वाटत नाही.

बाकी, एकच मुद्दा पाच वेळा येतो, व्याख्यांचा भडिमार आहे, इंटरनेटवरचा भाग स्मार्टफोनच्या आधीचा असल्यामुळे शिळा झालाय आणि भाषा पाठ्यपुस्तकी. मराठी भाषांतर माझ्या पाहण्यात नाही, इंग्रजीच वाचावं लागेल, पण इंग्रजी सोपं आहे. एवढे पैसे घालायचे नसतील तर लायब्ररीतून आणा आणि पहिला, तिसरा, आठवा, अकरावा एवढेच चॅप्टर वाचा. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो व्याख्यांसाठी.