ड्राय क्लचची डीसीटी गावाकडे: १४ महिन्यांनंतर झटक्यांचा हिशोब

लहान टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), क्लच कोरडे. १४ महिन्यांत २३ हजार किलोमीटर, त्यातले निम्म्याहून जास्त हिंगणघाट, वणी, यवतमाळ या पट्ट्यात. गाडीचं नाव लिहीत नाही. खालचं बहुतेक सगळं कुठल्याही कोरड्या क्लचच्या डीसीटीला लागू पडतं.

हायवेवर या गिअरबॉक्सला तोड नाही. समृद्धीवर १२० ला सातव्यात इंजिन निवांत असतं, ओव्हरटेकला दोन गिअर खाली पडले तरी मागच्या सीटवरच्याला कळत नाही. तक्रार आहे ती ताशी शून्य ते पंधराची: पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का, थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्यात पडताना ढकलल्यासारखं होणं, रिव्हर्समध्ये थरथर. आणि गावाकडची गाडी बराच वेळ त्याच वेगात असते. बैलबंडीच्या मागे, फाटकावर, पांदणीत.

असं का होतं ते कळलं की अर्धं काम झालं. एका क्लचवर १, ३, ५, ७ हे गिअर. दुसऱ्यावर २, ४, ६ आणि बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्स. गाडी दुसऱ्यात असताना तिसरा आधीच लागलेला असतो, म्हणून बदल झटपट होतो: एक क्लच सुटला, दुसऱ्याने धरलं. पण गाडी जागची हलवताना प्लेट घासतच पकडते, मॅन्युअलच्या हाफ क्लचसारखी. पाय तेवढा कॉम्प्युटरचा. ओल्या क्लचच्या बॉक्समध्ये ती उष्णता तेल वाहून नेतं. इथे फक्त हवा आहे, आणि नवतप्यात ती हवाच ४५ डिग्रीची. तापलेली प्लेट वेगळ्या जागी पकडते, कॉम्प्युटरचा अंदाज चुकतो, झटका बसतो.

म्हणून पहिली दुरुस्ती पायाची. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तिथे गाडी दोन-दोन मीटर सरकवत नेणं हा क्लच जाळायचा सर्वात सोपा उपाय. ब्रेक अर्धवट दाबला की क्लचही अर्धवट धरून राहतो. ब्रेक पूर्ण दाबा, क्लच सुटतो. त्यासाठी दर वेळी न्यूट्रल करायची गरज नाही. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच, ठामपणे सोडा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. चढावर रेस देऊन गाडी अडवून धरणं तर कधीच नको, हँडब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना बॉक्स दुसरा-तिसरा असा सारखा खालीवर करतो. तिथे मॅन्युअल मोडमध्ये दुसरा धरून ठेवलेला बरा. इंजिनाचा आवाज वाढतो, क्लच मात्र पूर्ण धरलेला राहतो.

ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा आलाच तर सुरक्षित जागी थांबा, पी (पार्किंग) मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवा. इंजिन बंद करून बॉनेटवर पाणी मारण्याची आपल्याकडची पद्धत इथे कामाची नाही.

हे सगळं पाळूनही झटके राहत असतील तर गॅरेजला जाण्याआधी वहीत लिहा: कोणत्या गिअरमध्ये, थंड की गरम, रेसवर की ब्रेकवर. 'गाडी झटके मारते' एवढ्यावर कोणीही थेट क्लच बदलायलाच सांगेल. दुसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये थरथर, पण पहिल्या-तिसऱ्यात नाही, असं असेल तर बोट सम गिअरच्या क्लचकडे जातं. गिअर न बदलता झटके येतात का हेही पाहा: मॅन्युअल मोड, तिसरा गिअर, १५०० ते २००० आरपीएम, पाय स्थिर. तेव्हाही गाडी अडखळत असेल तर दोष इंजिनाचा धरा: स्पार्क प्लग, कॉइल, धुळीने भरलेला एअर फिल्टर. कच्च्या रस्त्यावर फिल्टर कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बदलावा. उलट, रिकाम्या रस्त्यावर चौथ्यात २००० आरपीएमला पूर्ण रेस दिल्यावर काटा उसळतो आणि वेग मात्र वाढत नाही, तर क्लच घसरतोय.

मग बॅटरी. हसू येईल, पण या बॉक्सचा सगळा कारभार विजेवर आहे. क्लच दाबणारी मोटर किंवा पंप, गिअर सरकवणारी यंत्रणा, सेन्सर, सगळं. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास निम्मा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसावं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी ती गरम पाण्याने आणि ब्रशने काढा, क्लॅम्प घट्ट करा. साधा मल्टिमीटर गाडीत असायलाच हवा.

ब्रेक स्विचकडे सहसा कोणी पाहत नाही. ब्रेक दाबल्याचा निरोप उशिरा पोचला की बॉक्स क्लच सोडायला उशीर करतो, आणि थांबताना गाडी इंजिनाशी झगडते. रात्री भिंतीला पाठ करून गाडी उभी करा आणि पेडल हळूच दाबा. भिंतीवरचा लाल उजेड पहिल्या हलक्या दाबालाच, दर वेळी यायला हवा. कधी येतो, कधी नाही, तर स्विच बदला. क्लचच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

इंजिन फाउंडेशनचंही (इंजिन आणि बॉक्सला धरणारे रबरी आधार) तसंच. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीसमोर कोणी उभं नाही. एकाने डी आणि आर आलटून पालटून टाकावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाहावं. इंजिन थोडं कललं तर ते चालायचंच. उडी मारून धप्प आवाज आला तर रबर गेलं. खालचं, बॉक्सला धरणारं फाउंडेशन आमच्या खड्ड्यांत आधी फाटतं. असा धक्का डी टाकतानाच बसतो, गिअर बदलेपर्यंत वाट पाहत नाही.

पावसाळ्यानंतर झटक्यांसोबत एबीएसचा दिवाही लागला तर चाकांचे सेन्सर तपासा. काळी माती वाळली की दगड होते आणि वायर ओढते. गोठ्याजवळ उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही नेहमीचीच.

मोबाइलला जोडायचा, गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर कामाचा आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. तो पी ०३०१ दाखवेल, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटणं). गिअरबॉक्सच्या आतले कोड, क्लचचं तापमान, अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे (क्लच कुठे धरतो याचा कॉम्प्युटरने शिकलेला अंदाज) मात्र त्या कंपनीसाठीचं स्कॅनरच वाचतं, आणि ते तालुक्याच्या गॅरेजला मिळेलच असं नाही. नागपूर-अमरावतीची फेरी त्यासाठीच ठेवा. तिथे पोचल्यावर कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या, यात हयगय नको. पुसलेला कोड वॉरंटीच्या भांडणात परत येत नाही.

पुढची पायरी अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे क्लच नेमका कुठे धरायला लागतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं. बॉक्स गरम, जमीन सपाट, बॅटरीला चार्जर लावलेला आणि एसी-दिवे बंद, एवढं तरी हवंच. व्होल्टेज मध्येच पडलं तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. त्यानंतर हलक्या रेसवर सगळे गिअर चढू द्या, रेस सोडून गाडी आपोआप थांबू द्या, असं आठ-दहा वेळा. बॅटरीची केबल दहा मिनिटं काढून 'रिसेट' करायचा चौकातला उपाय बहुतेक गाड्यांत यातलं काहीच करत नाही, कारण शिकलेले आकडे मेमरीत तसेच राहतात. प्लेट झिजलेली असेल तर अ‍ॅडॅप्टेशनने थोडे दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

क्लच काढायची वेळ आली तर गावात उघडू नका. दुहेरी क्लच ओढून काढायला खास पुलर लागतो, काही बॉक्समध्ये बेअरिंगची उंची मोजून शिम (पातळ चकती) बसवावी लागते. जुना संच निघाला की त्यावर तेल दिसतं का ते पाहा. क्रँकच्या मागच्या किंवा इनपुट शाफ्टच्या सीलमधून गळती असेल तर नवा क्लचही थरथरणारच, म्हणून सील त्याच वेळी बदला.

तेलाचा घोळ बराच आहे. 'ड्राय' म्हणजे बॉक्समध्ये तेलच नाही, असं नव्हे. गिअर तेलातच फिरतात, फक्त क्लच बाहेर असतो. ते तेल बदलून क्लचची थरथर जाणार नाही. ओल्या क्लचचं गणित वेगळं: फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला (त्यांच्या डीसीटीचं नाव) दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो, आणि पातळी तेल ३५ ते ४५ डिग्री असतानाच मोजायची. तिथे कुठलंही लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही.

जुनी डीसीटी घेणार असाल तर गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जा. विकणाऱ्याने आधीच फिरवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड असताना एकदा, अर्धा तास बाजारातून चालवून झाल्यावर एकदा, रिव्हर्समध्ये हलक्या चढावर घ्या. गरम झाल्यावर थरथर वाढली तर तिथेच क्लचच्या नव्या संचाची किंमत वजा करून बोला.