नांदूर मध्यमेश्वरला जाताय? गाईडचे पैसे वाचवू नका

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते, गेटवर गावातला गाईड मिळतो तो घ्या, बाकी कॅमेरा-टोपी-खाऊ काही विसरलात तरी चालेल. इथे जाऊन नाराज झालेली माणसं भेटतात ना, त्यांचं रडगाणं ठरलेलं असतं, लांबवर पाणी आहे आणि त्यात काळे ठिपके आहेत, ह्यात बघायचं काय. खरंय त्यांचं. गाईड नसेल तर तेवढंच दिसतं.

मागे एका टूरवाल्यांच्या पॅकेजमधून गेले होते, नाव घेत नाही. त्यांनी वायनरी, शिर्डी आणि पक्षी सगळं एकाच दिवसात कोंबलं होतं, आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं, बदकं मधल्या बेटावर जाऊन झोपलेली, आणि बरोबरच्या माणसाला बगळा आणि मोठा बगळा ह्यापलीकडे काही सांगता येईना. अर्ध्या तासात बसमध्ये बसा. पैसे मात्र पूर्ण घेतले.

ह्यावेळी आम्ही आपले आपण गेलो. नाशिकहून पहाटे निघून निफाडमार्गे चापडगाव, उजाडताना गेटवर. थंडी विचारू नका, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतो तो उगाच नाही, बोटं गारठून दुर्बीण फोकस करता येत नव्हती. गाईड दादा तिथलेच, शेती सांभाळून हे काम करणारे, वनविभागाने गावातल्या पोरांना ट्रेनिंग देऊन तयार केलंय त्यातले. खांद्यावर टेलिस्कोप, तो लावला की मघाचे ठिपके एकदम नावानिशी समोर येतात, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, आणि कडेच्या पाणगवतात जांभळ्या पाणकोंबड्या देठ उपटून पायात धरून खातायत. माझा भाचा मोबाईल सोडून टेलिस्कोपला जो चिकटला तो हलेचना, बाकीच्यांना नंबर लावावा लागला.

पण नुसती नावं तर ॲपसुद्धा सांगतं. दादांचं वेगळेपण असं की ते बघायचं कसं ते शिकवतात. म्हणाले, "ताई, वर बघू नका, आधी त्या वारकऱ्यांकडं बघा, ते एका जागी गोळा व्हायला लागले की भोवत्या आलाच समजा." वारकरी म्हणजे पाण्यावर तरंगणारे काळे पक्षी, आणि भोवत्या म्हणजे त्यांच्यावर टपलेला शिकारी पक्षी. आणि खरंच, पसरलेल्या काळ्या वारकऱ्यांचा भराभरा एकमेकांना खेटून गठ्ठा झाला, आणि दलदल भोवत्या पाण्यावरून खालून खालून आला, दोन चकरा मारल्या, एकटा पडलेला कुणी सापडेना तेव्हा गेला निघून. गठ्ठा परत पांगला. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर आमच्या शेजारी दहाबारा जणांचा ग्रुप होता, गाईड नाही, त्यांचं सेल्फी चाललेलं, ह्यातलं काही कळलं नाही त्यांना.

दुसरी गोष्ट समजली ती पाण्याची, आणि ही कुठल्या बोर्डावर वाचून डोक्यात शिरली नसती. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांनी १९०७ ते १९१३ मध्ये हा बंधारा बांधला, पाटाला पाणी मिळावं म्हणून. मग वर्षानुवर्षं गाळ येऊन साठत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं झाली, त्यावर गवत-झाडं आली, म्हणजे पाणी साठवायच्या हिशेबाने तोटाच, पण पाणपक्ष्यांना तर असंच पाणी लागतं. आजही वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे येतं आणि इथून दोन्ही कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्याकडे जातं. म्हणून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडणं, चालू आहे का बंद ह्यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. पातळी उतरली की चिखल उघडा पडतो, तिथे शेकाटे, तुतवार असे चिखलात चोची खुपसणारे जमतात, आणि पाणी चढलं की ते उठून जातात, बदकं पसरतात. दादांना हे सगळं तोंडपाठ. तेव्हा निघायच्या आधी गाईडला फोन करून पाणी कसंय ते विचारा, हवामान बघण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

आता रामसरबद्दल, कारण गेटपासून सगळीकडे ते नाव दिसतं आणि लोकांना वाटतं काहीतरी परदेशी बक्षीस आहे. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या यादीत ही जागा गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातली पहिली, लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या. अभयारण्य मात्र १९८६ पासूनच आहे, आणि इथे शिकार-बिकार केली तर पकडणारा कायदा तोच, रामसरवाले काही काठी घेऊन येत नाहीत. यादीत नाव गेलं म्हणजे जग बघतंय, एवढा दबाव. तो कितपत चालतो ते जलपर्णी बघून ठरवा. नाशिक शहर वरच्या अंगाला, आमचं सांडपाणी नदीतून खाली येतं, त्या खतावर जलपर्णी माजते. कमळपक्षी त्यावर मजेत चालतो, फोटोही छान येतो, पण दादा म्हणाले हिरवं जितकं वाढतं तितकं बदकांचं उघडं पाणी कमी होतं. मी नाशिकची, गप्प बसले.

रामसरच्या नोंदीत इथे ५३६ जाती आहेत, नुसते पक्षी नाहीत, उसात राहणारा बिबट्या आहे, चंदन आहे, आणि देवळालीच्या नावाचा एक चिमुकला मासा आहे, देवळाली मिनो, जगात अतिसंकटग्रस्त. त्याचा फोटो काढायला कोणी येत नाही. सगळ्यांना फ्लेमिंगो पाहिजेत, ते कधी असतात कधी नसतात, गेटवर पोचल्या पोचल्या त्याच्यावरून वाद घालू नका.

गाईडची फी चौघांत वाटली तर माणशी एका मिसळीएवढीसुद्धा पडली नाही, आणि दादा अडीच-तीन तास बरोबर होते, घाई नाही, मुलांचे तेच तेच प्रश्न आले तरी वैताग नाही. ह्या पैशावर गावातली घरं चालतात, त्यामुळे कोणी जाळं टाकलं, दगड मारला तर पहिला आवाज गावातूनच येतो, माझ्या मते रामसरच्या पाटीपेक्षा हे जास्त भक्कम आहे.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो मनोऱ्यावर ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्यांसाठी, तो गाईडच्या नावावर धरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, रविवार टाळा, उजाडताना पोचा, भडक कपडे नकोत, नाश्ता घरून न्या. मध्यमेश्वराचं देऊळ बघायचं असेल तर पक्षी झाल्यावर, आधी गेलात तर सकाळ तिथेच जाते.