८५,००० रुपयांचा रिसर्च पेपर: यूएस मॅचवाल्यांनो, पैसे भरायच्या आधी वाचा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गॅरंटीड पब्लिकेशन, फर्स्ट ऑथर, पबमेड इंडेक्स्ड' असा मेसेज आला असेल तर तिथेच थांबा. पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपरांची अमेरिकेची सरकारी ऑनलाइन यादी. अमेरिकेत रेसिडेन्सी (तिथलं पीजी) मिळावी म्हणून मॅचला बसताना माझे ८५,००० गेलेत. १२,५०० रजिस्ट्रेशन, ४५,००० फर्स्ट ऑथरच्या जागेचे आणि २७,५०० 'इंडेक्सिंग'चे. बाबांचे हापूसचे पैसे होते ते.

हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहितीये, मलाही माहिती होतं. पण २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ (अमेरिकेच्या यूएसएमएलई परीक्षेचा पहिला टप्पा) नुसती पास-फेल झाली, स्कोअरचा आधार गेला, मग प्रत्येक जण स्टेप २, एलओआर (शिफारसपत्रं) आणि रिसर्चच्या मागे. चार्टिंग आउटकम्स या मॅचच्या अहवालातले रिसर्चचे आकडे बघून छाती दडपते. त्या आकड्यांत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, पोस्टर, प्रेझेंटेशन, पेपर सगळं एकत्र मोजलेलं असतं, हे एजंट कशाला सांगेल? माझी इंटर्नशिप सिंधुदुर्गात, नाइटवर नाइट, रिसर्च कसा करतात ते दाखवणारं आजूबाजूला कोणी नाही, अशात एक जण म्हणतो, मॅडम डेटा तयार आहे, तुम्ही फक्त डिस्कशन लिहा. कोण नाही म्हणेल? आणि मी आयतं नाव लावलेलं नाहीये, डिस्कशनचा शब्दन् शब्द माझा आहे.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं फिरतं. पेपर लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), तोही कोकणातल्या पेशंटवर. ड्राफ्ट आला तो मी बाबांना कौतुकाने वाचून दाखवत होते, त्यात सगळ्यात जास्त केसेस एप्रिल-मेमधल्या. बाबांनी लगेच विचारलं, "गो, पावसाआधी लेप्टो खंय येता?" लावणीच्या चिखलात माणसं उतरली की ताप सुरू होतो, तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या गोळ्या वाटतात त्या पावसाळ्यात, हे आमच्या वाडीतल्या शाळेच्या पोरालाही माहिती. मी लगेच फोन लावला. तो 'कोऑर्डिनेटर' म्हणाला, मल्टिसेंटर डेटा आहे, सरांनी तपासलाय, आणि आज इंडेक्सिंगचे आले नाहीत तर तुमचा स्लॉट दुसऱ्याला जाईल. पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं लेटर मागितलं तर 'प्रोसेसमध्ये आहे'. सप्टेंबर तोंडावर, ईरास (रेसिडेन्सीचा ऑनलाइन अर्ज) भरायचं, मी २७,५०० पाठवले. बाबांनी शेतातल्या माणसाच्या अकलेने जे पकडलं ते मी डॉक्टर होऊन फोनवरच्या एका वाक्यावर सोडून दिलं. आठवड्याच्या आत अ‍ॅक्सेप्टन्स, रिव्ह्यूअरचा एक प्रश्न नाही.

पबमेडवर पेपर आलाच नाही. गूगल स्कॉलरवर दिसतो, पण तिथे काहीही दिसतं. आयएसएसएन नंबर दाखवतील, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. एनएलएम (पबमेड चालवणारी अमेरिकन लायब्ररी) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि ते मेडलाइनला (पबमेडमधली निवडक जर्नलांची यादी) आत्ता आहे का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. हे कळेपर्यंत ईरास सबमिट झालं होतं आणि एकदा सर्टिफाय केलं की पब्लिकेशन काढता येत नाही. एका इंटरव्ह्यूत समोर इन्फेक्शियस डिसीजचे डॉक्टर, पहिलाच प्रश्न, हा डेटा कोणी गोळा केला आणि केसेस मॉन्सूनच्या आधी कशा? मी काय सांगणार होते? मार्चमध्ये मॅच झाला नाही.

पेपर मागे घ्या म्हटलं तर विथड्रॉवल फी ३०,००० मागतात! देऊ नका, आणि तसं लेखी मेलवर कळवा.

पोलीस स्टेशनला गेले तर साहेब म्हणाले, पेपर छापून मिळाला ना, मग फसवणूक कसली? पबमेड म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा वेळ गेला, शेवटी नुसता अर्ज ठेवून घेतला. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला तर पैसे जाऊन महिने झालेत, आता खातं गोठवून काय मिळणार. म्हणून सांगते, संशय आला त्याच तासाला १९३० लावा, लाजत बसू नका. सायबरवाले म्हणतात कंपनी दुसऱ्या राज्यातली, बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. आणि कॉलेज! तिथे मदत मागायला गेले तर उलट मलाच धमकी, पैसे देऊन ऑथरशिप घेतली म्हणून कारवाई करू. अरे, मग पाच वर्षं हाच विषय एकदा तरी नीट शिकवायचा होता ना! तक्रार करणाऱ्या पोरीला गप्प करायचं आणि ग्रुपवर तोच मेसेज रोज फिरतोय त्याला कोणी हात लावत नाही. एकही माणूस असा भेटला नाही की ज्याने कागद हातात घेऊन पूर्ण वाचला.

ज्यांना इथेच पीजी करायचंय त्यांनी तर यात पडूच नका, नीट पीजीला रिसर्चचा एक मार्क नाही. अजून शिकत असाल तर आयसीएमआरचं एसटीएस (विद्यार्थ्यांसाठी छोट्या रिसर्चची योजना) बघा. किंवा तुमच्या मेडिसिनच्या सरांबरोबर एक खरी केस रिपोर्ट लिहा, जिचा पेशंट तुम्ही स्वतः तपासलाय. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे पेशंट बघता बघता डॉ. हिंमतराव बावस्करांनी लॅन्सेटमध्ये पेपर छापले, तेही आपल्याच रायगडमधून.

फक्त १२,५०० भरले असतील तर ते गेले समजा, पुढचा हप्ता भरू नका. चॅट डिलीट करू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट ठेवा, ड्राफ्टमध्ये एथिक्स अप्रूव्हलचा नंबर नसेल तर नाव काढा म्हणून आजच मेल करा. माझा अर्ज अजून तिथेच पडलाय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले अजून कोणी असाल तर आपापल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या, पाच-सहा अर्ज एकाच खात्याच्या नंबरवर गेले तर त्यांना उघडून बघावंच लागेल.